बारी मोडायची नाही

आमचा बालवर्ग कुणा एकाच्या मालकीचा नव्हता, हे आम्ही लई अभिमानानं सांगायचो. वीसेक घरांनी मिळून चालवलेला वर्ग. आता वाटतं, सगळ्यांचा म्हणजे कुणाचाच नाही. चांगलं झालं की वीस घरं पुढं, आणि वाईट झालं की तेच वीस घरांत असं वाटलं जायचं की कुणाच्या वाट्याला घासभरसुद्धा येऊ नये. मी त्या वर्गाची धाकटी बाई, म्हणजे मीही त्यातलीच. कुणाला नावं ठेवायला निघाले तर पहिलं बोट माझ्याकडंच वळतं, म्हणून इतकी वर्षं तोंड शिवून बसले. आता वय झालं. आता काय कुणाची भीड धरायची?

गोष्ट नांदेडची, निजामाच्या राजवटीच्या शेवटशेवटच्या वर्षांतली. सरकारी मदरसे उर्दूत चालायचे. घरात मराठी बोलणारं पाच वर्षांचं पोर तिथं जाऊन बसलं की पहिलं वर्षभर नुसतं मास्तरांच्या तोंडाकडं बघायचं. खाजगी शाळा काढायची तर सरकारची इजाजत लागायची, आणि ती मिळेमिळेतो पोरांना मिशा फुटायच्या. म्हणून गावातल्या काही वकील, वैद्य, कारकून, आडतवाले अशा घरांनी एक युक्ती काढली. शाळा काढायचीच नाही. घरात पोरं जमवायची, एक महिना एकाच्या घरी, पुढचा महिना दुसऱ्याच्या. ज्याची बारी असेल त्यानं आपली ढाळज, म्हणजे दारातून शिरल्याबरोबरची ओसरी, झाडूनसारवून द्यायची, पोरांचं पाणी अन् खाऊ बघायचा, आणि घरातल्या एका बाईनं आमच्यासोबत वर्गात बसायचं. नियम एकच, बारी मोडायची नाही. एकदा एका घरानं सुतक आलं म्हणून बारी पुढं ढकलली, तर त्यांच्या सुनेला वर्षभर हळदीकुंकवात टोमणे बसत होते, "तुमचं काय बाई, तुमची सवडीची बारी!" असली माणसं. सरकारला भिणारी, पण एकमेकांना त्याहून जास्त भिणारी.

वर्गात काम करणाऱ्या आम्ही तिघी. मोठ्या बाई पुण्याला जाऊन लहान पोरांना शिकवायचं रीतसर शिकून आलेल्या. महागडी साधनं कुठून आणणार, म्हणून त्यांनी तूर, हरभरा, करडई, ज्वारी अशी धान्यं मिसळून पोरांना निवडायला द्यायची पद्धत काढली. पोरं वाट्या भरता भरता रंग शिकायची, मोजायला शिकायची. मी उदगीरची. एकोणिसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, सासरी जात्याला आणि चुलीला जुंपली गेले. मोठ्या बाई माझ्या आईच्या लांबच्या नात्यातल्या. त्यांनी मला तिथून ओढून काढलं आणि आपल्या खोलीत ठेवून घेतलं. वर्ग चालला तर मी धाकट्या बाई. वर्ग बंद पडला तर परत उदगीर, परत जातं. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे केलं ते ह्याच भीतीनं केलं. त्याला दुसरं गोंडस नाव द्यायची माझी इच्छा नाही.

तिसरी मावशी. सकाळी घरोघर जाऊन पोरं गोळा करायची. "चला रे माझ्या राजांनो, बाई वाट बघून राहिल्या!" अशी तिची हाक आली की गल्ली हलायची. दोन पोरं कडेवर, बाकीची पदराला धरून. एखादं रडायला लागलं की म्हणायची, "अगं बया, ह्ये बघा नवरदेव रुसले! वरात माघारी न्यायची का?" की ते पोर शेंबूड ओढत हसायचं. तिच्या हातचं पाणी त्या घरांत चालत नव्हतं, पोरं मात्र तिच्या कडेवर चालत होती. उंबऱ्यापाशी पोरं उतरवायची आणि वर्ग सुटेपर्यंत बाहेर पायरीवर बसून राहायची. आत पाऊल टाकायचं नाही. मोठ्या बाईंनी एकदा हा विषय वर्ग चालवणाऱ्या घरांच्या मंडळापुढं काढला होता. लोकांची तोंडं बघून पुन्हा काढला नाही.

मावशीजवळ तिची नात असायची, पाच वर्षांची. आई बाळंतपणात गेलेली, बाप दुसरं लगीन करून लोहा गावी निघून गेलेला. पोर आजीशेजारी पायरीवर बसून आतलं सगळं ऐकायची. आतली पोरं एखाद्या ओळीशी अडली की बाहेरून तिचा आवाज यायचा, पुढची ओळ बिनचूक. पोरं खिदळायची, मोठ्या बाई गालात हसायच्या, आणि मावशी घाईघाईनं तिच्या तोंडावर हात ठेवायची.

मावशीला जगात एकच गोष्ट हवी होती. महिन्यातून एकदा तरी ती मला वर्ग सुटल्यावर गाठायची. "बाई, माझ्या नातीचं नाव घाला की वहीत. लई ध्यान हाय तिचं. एका कोपऱ्यात बसंल, कुणाला शिवायची न्हाई. माझं आयुष्य गेलं दुसऱ्याची पोरं शाळेत पोचवण्यात, माझी एक तरी आत जाऊ द्या." वर्गात फक्त मंडळाच्या घरांची पोरं घ्यायची, असं ठरलेलं. मंडळ हिचं नाव घालायचं नाही हे मला पक्कं माहीत होतं. पण सरळ नाही म्हणायला जीभ रेटायची नाही. मी म्हणायची, "बघू मावशी." किती सोयीचा शब्द आहे हा! देणाऱ्याचं काही जात नाही आणि घेणारा वर्षभर त्याच्यावर जगतो.

मंडळाचे चिटणीस एक वकील होते. त्यांनी दोन वर्षं अर्जावर अर्ज करून तालीम खात्याच्या, म्हणजे शिक्षणखात्याच्या, मागं लकडा लावला होता. घरोघर हिंडणं पुरे, आता कायमची जागा घेऊ, रीतसर शाळा काढू. शेवटी एकदाचं उत्तर आलं. जिल्ह्याच्या शाळांवरचे मोठे अधिकारी, ज्यांना आम्ही मोहतमीमसाहेब म्हणायचो, ते स्वतः येऊन मुआयना, म्हणजे तपासणी, करणार आणि मग इजाजत द्यायची की नाही ते ठरवणार. कागदात जागा लिहिली होती वकीलसाहेबांचं घर, कारण त्या महिन्याची बारी त्यांची. आनंद केवढा झाला म्हणता, मोठ्या बाईंनी त्या दिवशी चक्क शिरा केला.

आणि मग सुरू झाला आमच्या शूर मंडळींचा भित्रेपणा. सरकारी माणूस येणार, पोरांची नावं लिहून नेणार, उद्या बापाला कचेरीत बोलावणं येणार, अशी कुजबुज सुरू झाली. एकाच्या पोटात दुखायला लागलं, दुसरं मामाकडं गेलं, तिसऱ्याला खोकला. मावशी सकाळी दारोदार हाका मारायची आणि निम्मी दारं उघडायचीच नाहीत. "काय झालं म्हनावं या लोकांला," ती पायरीवर टेकत म्हणायची. "कालपतुर पोरं माझ्या अंगावर चढून राहिली होती, आज खिडकीतूनबी बघंनात." महिना लागला तेव्हा वीस पोरांतली नऊ उरली होती.

वकीलसाहेबांची चार वर्षांची मुलगी आमच्याच वर्गात. पण पहिल्या दिवशी तीही दिसली नाही. आजोळी गेलीय म्हणाले. घरच्याच बारीला घरचं पोर आजोळी? मला नवल वाटलं. थोड्या वेळानं पोरांसाठी पाण्याचा तांब्या आणायला आत गेले. सकाळचे दहा वाजत आले होते आणि त्या भरल्या घरातून फोडणीचा वास नव्हता. वकीलसाहेबांच्या पत्नी, आमच्या वहिनी, चुलीपाशी बसलेल्या, केस विंचरलेले नाहीत. चौकातल्या दोरीवर एक धडूतं वाळत नव्हतं. वकीलसाहेबांची दाढी वाढलेली मी सकाळीच बघितली होती. मागच्या खोलीचं दार ओढलेलं, आणि तिकडून कडुलिंबाचा ओला वास येत होता.

मला कुणी काही सांगायची गरज नव्हती. मी नऊ वर्षांची असताना आमच्या घरात हेच सगळं बघितलं होतं. घरात देवी आल्या की फोडणी द्यायची नाही, केस विंचरायचे नाहीत, दाढी करायची नाही, कपडे धुवायचे नाहीत, आजाऱ्याच्या उशापायथ्याला लिंबाचा पाला ठेवायचा, आणि परक्या माणसाला घरात घ्यायचं नाही. ह्या घरानं सगळं पाळलं होतं, फक्त शेवटचं सोडून. आमच्या घरात चौदाव्या दिवशी माझा धाकटा भाऊ गेला. तो वास मी विसरणं शक्यच नव्हतं.

"वहिनी," मी विचारलं, "लेक खरंच आजोळी गेलीय का?"

त्यांनी माझं मनगट धरलं. "हळू बोला हो. आई आलीय घरात. मी यांच्या पाया पडले, म्हटलं, बाहेरची माणसं नको, तिला राग येईल. हे म्हणतात, बारी आपली आहे." एवढं बोलून त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला.

वर्ग सुटल्यावर घरी जाताना मी वाटेत मोठ्या बाईंना सांगितलं. त्या मधेच थांबल्या, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. दुसऱ्या दिवशी वर्गाच्या आधी त्या वकीलसाहेबांपुढं जाऊन उभ्या राहिल्या, मी त्यांच्या मागं. मला वाटलं आता ह्या फाडून बोलणार.

वकीलसाहेबांनी काही लपवलं नाही. "बाई, दोन वर्षं उंबरे झिजवलेत मी. आता जागा बदला म्हणून कळवलं की पुढचं वर्ष उजाडेल. आणि दुसरं कोणतं घर त्या साहेबाला दारात उभं करायला तयार आहे, तेवढं सांगा! पोरं पाठवेनात, घर काय देणार? बारी माझी आहे, मी मोडणार नाही. आपल्या सगळ्या घरांतल्या पोरांना टोचलेलं आहे. माझ्या मुलीलाही टोचलं होतं म्हणूनच हलक्यावर निभावतंय. ती मागच्या खोलीत, पोरं ढाळजेत, मधे अख्खा चौक. चार दिवस कळ काढा."

मोठ्या बाईंनी चौकापलीकडच्या ओढलेल्या दाराकडं बघितलं. मग म्हणाल्या, "चार दिवसांचाच प्रश्न आहे खरा."

मोठ्या बाईंसारखी बाई! माझ्या मनातून त्या तिथंच उतरल्या, असं मी पुढं कैक वर्षं स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. त्या क्षणी मला हायसं वाटलं. आता उदगीरला जावं लागणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

वकीलसाहेब पुढं म्हणाले, "पण नऊ पोरं दाखवून भागायचं नाही. अर्जात वीस लिहिलीत. निदान दहा-बारा तरी दिसायला पाहिजेत, अन् चुणचुणीत पाहिजेत."

आणि मी तोंड उघडलं. कुणी विचारलं नव्हतं, कुणी सुचवलं नव्हतं. मी म्हणाले, "मावशीची नात आहे की. तिला सगळं येतं."

का म्हणाले? मला वाटलं, आयती संधी आहे. वर्गाचं काम होतंय, मावशीचीही हौस फिटतीय, आणि माझ्या त्या 'बघू'चं ओझंही उतरतंय. एका दगडात किती पक्षी मारले मी! त्या पोरीला टोचलंय का, हे आम्हा तिघांत एकालाही विचारायचं सुचलं नाही. वकीलसाहेब क्षणभर घुटमळले ते जातीपायी. मग म्हणाले, "आणा. साहेबाला काय कळणार आहे?"

मी बाहेर येऊन मावशीला सांगितलं. ती पायरीवरून उठूनच उभी राहिली. "आत? आत बसंल ती? पोरांमधी?"

"हाव मावशी. आणि इजाजत आली की वहीत नाव घालू. मी सांगते ना."

तिनं दोन्ही हात माझ्या चेहऱ्याकडं आणले, पण गालाला लावले नाहीत. वरच्यावरच फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली, कडाकडा. पोर आपली आजीच्या तोंडाकडं बघत होती, काय झालं ते कळेना. मग कळलं तशी तिथंच पायरीवर दोन्ही पायांनी उड्या मारायला लागली.

दोन दिवस ती आत येऊन बसली. कशी बसली म्हणता! पाठ ताठ, हात मांडीवर, जशी काही हललं तर कुणी उठवून देईल. तिसऱ्या दिवशी मुआयना. मावशीनं तिला न्हाऊ घालून, केसांत तेल चोपडून आणलं होतं, पण अंगातला झगा खांद्यावर उसवलेला. वकीलसाहेबांनी बघितलं आणि कपाळाला आठी घातली. वहिनी आत गेल्या आणि आपल्या लेकीचं परकर-पोलकं घेऊन आल्या, जांभळ्या रंगाचं. बिचारी बाई, तिला चार रात्रींची झोप नव्हती, हाताला लागलं ते उचलून आणलं असणार. माझ्या हातात दिलं आणि पुन्हा आत गेली.

पोलक्याला कडुलिंबाचा वास येत होता. त्या घरात त्या दिवसांत कपडे धुवत नाहीत, हे मला ठाऊक होतं. माझ्याइतकं त्या घरात कुणालाच ठाऊक नसेल. गल्लीच्या तोंडाशी साहेबाचा टांगा वाजला. मी ते पोलकं पोरीच्या डोक्यावरून घातलं. बटणं मीच लावली. ती मान खाली घालून बटणांकडं बघत म्हणाली, "बाई, ह्ये माझं झालं?" मी म्हणाले, "हाव, तुझंच."

मोहतमीमसाहेबांच्या नावानं आम्ही आठ दिवस थरथरत होतो, आणि आले तर काय, शेरवानीतला एक मऊ बोलणारा म्हातारा माणूस. उंबऱ्यापाशी आपणहून जोडे काढले. बसता बसता रिवाजाप्रमाणं विचारलं, "घर में सब ख़ैरियत?" वकीलसाहेब म्हणाले, "आपकी दुआ है." साहेबांनी त्यांच्या वाढलेल्या दाढीकडं बघितलं. वकीलसाहेब हसून म्हणाले, "मन्नत है, साहब." खरं बोलायला तेवढी एक जागा होती. त्या भल्या माणसानं ऐकलं असतं तर उठून गेला असता, पुन्हा आला असता. मी हात जोडून उभी होते, तशीच उभी राहिले.

साहेबांनी धान्यं एकत्र केली आणि पोरांना निवडायला सांगितली. आमची घरंदाज पोरं, घरून भेदरवून पाठवलेली, एकमेकांना ढोसत बसली. मावशीच्या नातीनं बघता बघता चार वाट्या भरून साहेबांपुढं सरकवल्या. मग न सांगता उभी राहून गाणं म्हटलं, मोठ्या बाईंनीच रचलेलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. साहेब खूश झाले. "माशाल्लाह! किसकी बच्ची है?"

वकीलसाहेब म्हणाले, "अपने ही घर की है, साहब."

मी दाराकडं बघितलं. मावशी पायरीवर बसून पदर तोंडात धरून हसत होती. तिला वाटलं, किती मोठ्या मनाची माणसं.

वर्ग सुटल्यावर मी वहिनींना परकर-पोलक्याचं विचारलं. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या, घेऊन जाऊ द्या." पोर ते अंगावर तसंच घालून, परकराचा घेर दोन्ही हातांनी धरून, आजीच्या पुढं उड्या मारत गेली.

दहा-बारा दिवस झाले आणि मावशी यायची बंद झाली. पहिल्या दिवशी घरोघरच्या बायका चिडल्या, "ह्या लोकांचं असंच. चार कौतुकाचे शब्द बोलले की दांड्या सुरू." मीच पोरं गोळा करायला लागले. मला तिच्यासारखी हाक मारता येत नव्हती. पोरं माझा हात सोडून पळायची. चौथ्या दिवशी दूधवाल्याकडून कळलं की मावशीच्या नातीला देवी आल्यात, आणि लई जोरात आल्यात.

मग मंडळाच्या घरांत गडबड उडाली. वकीलसाहेबांची मुलगी तोवर बरी होऊन 'आजोळाहून' परत आली होती, नाकावर चार बारीक डाग तेवढे. तिच्या शेजारी पोरं खुशाल बसत होती. पण मावशीचं नाव निघालं की बायका पदर नाकाला लावायच्या. "त्या वस्तीतून साथ आणेल बाई ती आपल्या पोरांना. महिनाभर पायरीलासुद्धा उभं करू नका!" चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. मी तिथंच बसले होते, तोंडात मिठाची गुळणी धरून.

एकदा, फक्त एकदा, मी तिच्याकडं जायला निघाले. नदीकडच्या अंगाला तिची वस्ती. लांबूनच तिचं खोपट दिसलं. तिनं दाराला लिंबाचा पाला टांगला होता, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा म्हणून, कुणी चुकून जवळ येऊ नये म्हणून. आतून पोरीच्या कण्हण्याचा आवाज येत होता. मला टोचलेलं होतं, मला काही होणार नव्हतं. तरी माझे पाय पुढं पडले नाहीत. मी परत आले आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्गासाठी धान्यं मिसळून ठेवली.

पोर जगली. डोळे दोन्ही गेले.

इजाजतीचा कागद महिना-दीड महिन्यानं आला. उर्दूत लिहिलेला, खाली मोठा शिक्का. साहेबांनी शेरा लिहिला होता की मुलं हुशार आहेत, शिकवण्याची रीत चांगली आहे. मंडळाची बैठक भरली, पेढे वाटले, ज्यांनी पोरं दडवून ठेवली होती ते सगळ्यांत मोठ्यानं बोलत होते. त्या बैठकीत मी मावशीच्या नातीच्या नावाचा विषय काढला. सांगितलं की शब्द दिलाय. वकीलसाहेब नखं बघत बसले. कुणीतरी म्हणालं, "आंधळ्या पोरीचं वर्गात काय काम? अन् मुआयना तर झाला आता." दुसरा म्हणाला, "एकदा पायंडा पडला की वस्तीच्या वस्ती दारात उभी राहील." मोठ्या बाई म्हणाल्या, "तिच्यामुळं इजाजत मिळालीय." एवढंच एक वाक्य. त्यावर कुणी काही बोललं नाही, म्हणून त्याही पुढं बोलल्या नाहीत. गरज सरो, वैद्य मरो. शेवटी मोठ्या बाईच मला म्हणाल्या, "तुम्हीच सांगा मावशीला. तुमचं ऐकते ती."

दोन दिवसांनी मावशी आली. त्या महिन्याची बारी वैद्यांच्या घरी होती. तिला कुणीतरी सांगितलं असणार, इजाजत आली म्हणून. नेहमीसारखी पोरं गोळा करत नव्हती आली, नातीचा हात धरून आली होती. पोरीचे केस कापलेले, अंगात धुतलेला झगा, तोंडभर खड्डे, आणि डोळ्यांत पांढरं. मी उंबऱ्याच्या आत उभी होते. आतून पोरांची बडबड ऐकली तशी पोरीनं मान तिकडं वळवली आणि तिचे ओठ हलायला लागले. आतल्या पोरांबरोबर ती गाणं म्हणत होती.

"आलो बाई," मावशी म्हणाली. "तुमी म्हनला व्हता, इजाजत आली की नाव घालू."

मी म्हणाले, "मावशी, नाही व्हायचं ते."

"डोळं गेलं तिचं. कान हायत की बाई."

"मंडळ नको म्हणतंय, मावशी. माझ्या हातात काही नाही."

ती भांडेल, शिव्या देईल, मला तोंडावर विचारेल, अशी माझी तयारी होती. खरं सांगते, मला ते हवं होतं. तिनं विचारलं असतं, त्या घरात काय होतं, तर मी सांगितलं असतं, असं मला अजून वाटतं. पण तिनं विचारलंच नाही. ती पायरीवर टेकली, पोरीला मांडीवर घेतलं आणि रडायला लागली, आवाज न करता.

"माझंच चुकलं, बाई. टोचनारा वस्तीत आला तवा म्या हिला घिऊन तुरीच्या शेतात दडून बसले. वाटलं, लेकराला दुखंल. म्या मेलीनं माझ्या हातानं लेकराचं डोळं घालवलं." मग तिनं वर बघितलं. "खरं सांगा बाई, टोचलं असतं तर वाचलं असतं का वो डोळं?"

एक शब्द बोलायचा होता मला. मागं वर्ग चालला होता, मोठ्या बाईंचा आवाज येत होता, माझी वही आत उघडी पडली होती. मी म्हणाले, "हाव मावशी. टोचून घ्यायला पाहिजे होतं."

तिनं डोळे पुसले आणि मान हलवली. "बराबर हाय, बाई," ती म्हणाली. "तुमी शिकल्याली मानसं."